'माझ्या आवडत्या राजाचा किल्ला': आमच्या सोसायटीच्या उत्सव कमिटीला खुलं पत्र

प्रति,
उत्सव कमिटी,
घोडबंदर रोड, ठाणे (प.)

नमस्कार.

सोसायटीचं नाव मुद्दाम लिहीत नाहीये, ज्यांना कळायचंय त्यांना कळेलच. हे सगळं मी ग्रुपवरच टाकणार होते, पण पाडव्याच्या दुपारपासून तुम्ही ग्रुपला 'फक्त अ‍ॅडमिन' करून ठेवलंय, त्यामुळे आम्हाला तिथे भाऊबीजेच्या शुभेच्छा आणि पाण्याच्या टँकरचा टायमिंग एवढंच वाचायला मिळतं. म्हणून हे असं चारचौघांत.

मी बी विंगमधली. माझी मुलगी अकरा वर्षांची, आणि तिच्यासोबतची चार पोरं साधारण त्याच वयाची. तुम्ही ज्यांचा किल्ला आधी 'बाद' केलात आणि मग पाडव्याच्या पहाटे पाईप लावून धुवून टाकलात, तीच ही पाच पोरं.

आधी नोटिशीचं सांगते. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी लिफ्टपाशी लागली होती, माझ्या मोबाईलमध्ये फोटो आहे, शब्द जसेच्या तसे: "किल्ला बनवा स्पर्धा. विषय: माझ्या आवडत्या राजाचा किल्ला. पाच मुलांचा गट. किल्ला मुलांनी स्वतः बनवावा. राजाची माहिती दोन मिनिटांत सांगावी." बास. खाली कमिटीचा शिक्का. कुठला राजा, कुठल्या देशातला, खरा का गोष्टीतला, ह्याबद्दल एक अक्षर नाही.

माझ्या मुलीचा आवडता राजा म्हणजे एलेसार. टोल्किनच्या 'द लॉर्ड ऑफ द रिंग्ज'मधला अ‍ॅरागॉर्न, राज्याभिषेकानंतर त्याचं नाव एलेसार. ह्याला जबाबदार मी आहे. आम्ही नौपाड्यात चाळीत राहायचो तेव्हा माझे बाबा मराठी ग्रंथ संग्रहालयातून पुस्तकं आणून आम्हाला रात्री वाचून दाखवायचे, लाईट गेले तर तोंडी पुढचं सांगायचे, तीच खोड मला लागली. गेलं दीड वर्ष मी ऐरोलीहून घरी येऊन, कुकर लावून, जेवणं झाल्यावर ही गोष्ट तिला मराठीत सांगतेय. त्यामुळे तुम्ही जेव्हा म्हणता की "पोरांनी कुठलं तरी कार्टून आणलं", तेव्हा ते मला लागतं, खोटं कशाला बोलू.

किल्ला म्हणजे मिनास तिरिथ, त्या राजाची राजधानी. डोंगराच्या कुशीत एकावर एक सात तट. मोठं दार पूर्वेला, त्याच्या वरचं थोडं दक्षिणेकडे वळलेलं, त्याच्या वरचं थोडं उत्तरेकडे, म्हणजे सरळ वर चढता येतच नाही, रस्ता डावीकडे उजवीकडे करत जातो. हे ऐकल्यावर आमच्याकडचा एक जण लगेच म्हणाला, "काकू हे तर रायगडाच्या महादरवाज्यासारखं, शत्रूला सरळ दार दिसलंच नाही पाहिजे!" ह्याच पोरांनी गेल्या वर्षी प्रतापगड केला होता आणि तुम्हीच त्यांना दुसरा नंबर दिला होता, विसरलात बहुतेक.

बालेकिल्ला खालच्या दारापासून ७०० फूट उंच, त्यावर मनोरा आणखी ३०० फूट. पोरांनी हिशोब केला, एक फुटाला दोनशे फूट, म्हणजे साडेतीन फूट किल्ला आणि वर दीड फुटाची पुठ्ठ्याची नळी. विटा चौदाव्या मजल्यावरच्या रिनोव्हेशनच्या डेब्रिजमधून निवडल्या. माती नर्सरीतून, कारण आपल्या पोडियमवर माती आहे कुठे, सगळ्या फरशा. गोणपाट वाण्याकडून. समोरच्या मैदानात अळीव पेरले, ते चार दिवसांत मस्त हिरवेगार वर आले. राजा गणपतीच्या उरलेल्या शाडूचा. त्याच्या मुकुटाला समुद्रपक्ष्याच्या पंखांसारखे पंख असतात, ते पिस्त्याच्या दोन टरफलांचे, चंदेरी रंग दिलेले. फराळातले पिस्ते ह्या कामासाठी किती खाल्ले गेले ते विचारू नका.

सैन्याचं काय करायचं म्हणून मी म्हटलं जांभळी नाक्यावरून मावळे आणूया नेहमीसारखे. तर माझी मुलगी म्हणाली, "आई, मावळे महाराजांचे आहेत. ते दुसऱ्या राजाच्या चाकरीला कसे येतील?" मग बुद्धिबळाची प्यादी लावली. हे मुद्दाम लिहितेय, कारण "आपले राजे सोडून परदेशी राजा" असं जे ग्रुपवर आलं होतं ना त्याचं उत्तर एवढंच आहे.

आता माझ्या तक्रारी.

पहिली परीक्षणाची. दोन मिनिटं द्यायची होती. माझी मुलगी बोलायला लागली: राजा दोन वर्षांचा असताना बाप लढाईत मेला, आईने त्याला एल्रॉन्ड नावाच्या एका एल्फ सरदाराच्या घरी नेलं, तिथे त्याला खरं नावसुद्धा सांगितलं नाही, 'एस्टेल' म्हणायचे, म्हणजे आशा, का तर शत्रू वारसाला शोधत होता. विसाव्या वर्षी कळलं की आपण कोण, आणि हातात काय आलं तर मोडक्या तलवारीचे तुकडे. एवढं झालं आणि परीक्षक म्हणाले, "बाळा हा राजा झाला कुठे पण? कार्टूनमधला का?" आणि पुढे चालू पडले. मी घड्याळ लावलं होतं, एक्केचाळीस सेकंद. जाता जाता खालच्या तटाकडे बोट करून विचारलं, "पांढरा रंग संपला वाटतं?" तो तट काळाच आहे हो. सिनेमात पांढरा दाखवलाय पण पुस्तकात सगळ्यात बाहेरचा तट काळ्या दगडाचा आहे, ह्या एका गोष्टीवर पोरं तीन दिवस भांडली होती आणि शेवटी पुस्तक उघडून बघून काळा दिला. तिला हे सांगायचं होतं. ऐकायला कोणी थांबलंच नाही.

दुसरी, 'बाद' करण्याचं कारण. कागदावर "राजा काल्पनिक असल्याने". नोटिशीत ही अट नव्हती. आणि निकालानंतर दोन तासांत लिफ्टपाशी नवीन नोटीस लागली त्यात "आवडत्या"च्या जागी "ऐतिहासिक"! तारीख मात्र जुनीच. माझ्याकडे दोन्ही फोटो आहेत.

काल्पनिक राजा चालत नसेल तर मग श्रावणातल्या कहाण्यांचं काय करायचं? आटपाट नगर होतं, तिथे एक राजा होता, ह्या राजाचं आधार कार्ड अजून तरी कोणी मागितलेलं नाही. आणि ज्या दिवशी पहाटे तुम्ही किल्ला धुतलात त्याच सकाळी घराघरांत काय म्हटलं गेलं? "इडा पिडा टळो, बळीचं राज्य येवो." बळी कोणी पाहिलाय? तरी त्याचं राज्य यावं असं वाटतंच ना, का वाटतं ह्याचा विचार करा. हे पुस्तक लिहिणारा माणूस ऑक्सफर्डचा प्रोफेसर, १९१६ ला सॉमच्या लढाईत खंदकात राहून आलेला, १९५४-५५ मध्ये त्याची ही गोष्ट तीन भागांत छापून आली. काही टाइमपास म्हणून लिहिलेली नाही ती.

इतिहासाचा एवढा पुळका असेल तर एक विचारते. ठाण्याचा किल्ला १७३७ मध्ये चिमाजी अप्पांच्या मोहिमेत मराठ्यांनी पोर्तुगीजांकडून घेतला, तो किल्ला आज कुठे आहे? सेंट्रल जेल म्हणजेच तो. कमिटीतल्या किती जणांनी पोरांना हे कधी सांगितलंय? घोडबंदरचा किल्ला तर आपल्याच रोडच्या टोकाला आहे. काढा की एक दिवस ट्रिप, मी येते आणि डबे पण आणते.

पहिल्या नंबराचा किल्ला टेम्पोतून तयार आला होता हे सगळ्यांनी बघितलं, "मुलांनी स्वतः बनवावा" वाली ओळ तिथे कोणाला आठवली नाही. त्या मुलांवर माझा राग नाही, बक्षीस त्यांच्याकडेच राहू दे.

तिसरी तक्रार पाडव्याच्या पहाटेची. किल्ले तुळशीच्या लग्नापर्यंत राहतील असं तुम्हीच ठरवलं होतं. बाकीचे चारही आजपर्यंत उभे आहेत. आमचा तेवढा पहाटे साडेचारला हाऊसकीपिंगच्या माणसाकडून पाईप मारून काढला, कारण पाडवा पहाटच्या पाहुण्यांच्या दोन गाड्या लावायच्या होत्या. बाद झालाय तर ठेवून काय करायचंय, असं कोणीतरी म्हणालं म्हणे.

पोरांचा त्या दिवशी राज्याभिषेक होता. सातव्या तटावर कारंज्याशेजारी एक पांढरं झाड असतं, वाळून गेलेलं, मेलं तरी तोडलेलं नाही, तसंच उभं ठेवलेलं. पोरांनी चाफ्याची वाळकी काडी प्रायमर मारून तिथे लावली होती. गोष्टीत राजा परत आल्यावर त्याला डोंगरात बर्फाच्या कडेला त्याच जातीचं छोटं रोप सापडतं. म्हणून पाडव्याला सकाळी आठ वाजता काडी काढून तिथे जिवंत रोप लावायचं आणि राजाला मुकुट घालायचा असा बेत. माळीकाकांकडून अनंताचं रोप मागून आणलेलं. मुकुट कोणी आणायचा, कोणी घालायचा ह्याचीसुद्धा वाटणी झाली होती, कारण तो राजा स्वतः घालून घेत नाही. कारभाऱ्याचा मुलगा फारामिर आणतो, अंगठी नष्ट करायला गेलेला फ्रोडो उचलून नेतो आणि जादूगार गॅन्डाल्फ डोक्यावर ठेवतो, ज्यांच्या कष्टांनी मला हे मिळालं त्यांच्याच हातून येऊ दे म्हणतो.

तिथे साडेसातला पोरं नवीन कपडे घालून खाली गेली तर चिखल आणि त्यावर एक एसयूव्ही. मी उटणं तसंच टाकून खाली आले. माझी मुलगी रडत नव्हती, ती गाडीच्या खाली वाकून राजा शोधत होती. सापडला, एक हात गेलेला, मुकुटाचं एक टरफल गेलेलं.

आणि चौथी, जी मला सगळ्यात जास्त खुपते. रात्रपाळीच्या वॉचमन काकांनी पाईप चालू झालेला बघितला. त्यांनी त्या माणसाला "मुलांना विचारा तरी" म्हटलं, त्याने ऐकलं नाही, तर काका गेट सोडून आत आले, इंटरकॉमवरून आम्हाला उठवायला. आम्ही गाढ झोपेत, फोन घेतलाच नाही. चार-पाच मिनिटं गेट रिकामं होतं. ह्या चार-पाच मिनिटांसाठी तुम्ही त्यांचा अर्धा दिवस कापलात, आणि एजन्सीला लिहून दिलंत की ह्यांना दुसरीकडे पाठवा.

आता त्या 'काल्पनिक' राजाकडे अशीच केस आली होती ती ऐका. बेरेगॉन्ड नावाचा पहारेकरी. तेव्हा राजा नव्हता, गादी जवळजवळ हजार वर्षं रिकामी होती, कारभार बघणारे कारभारी सिंहासनाच्या पायथ्याशी एका साध्या काळ्या खुर्चीत बसायचे. (कमिटी म्हणजे पण कारभारीच असते बरं का, जाता जाता म्हटलं.) तर त्यातला शेवटचा कारभारी युद्धाच्या ऐन धामधुमीत डोकं फिरून आपल्या जिवंत आजारी मुलाला, फारामिरला, स्वतःबरोबर चितेवर घ्यायला निघाला. बेरेगॉन्डने पहारा सोडला, धावत गेला, दार अडवून उभा राहिला, तिथे त्याच्या हातून आपलीच माणसं मेली, पण फारामिर वाचला. पुढे राजासमोर त्याला उभं केलं. जुन्या कायद्याने ह्या गुन्ह्याला मरणाची शिक्षा. राजा गुन्हा झालाच नाही असं म्हणत नाही. म्हणतो, तू हुकुमाशिवाय जागा सोडलीस, पवित्र जागी रक्त सांडलंस, तुला हे शहर सोडावं लागेल. बेरेगॉन्डचं तोंड पांढरं पडतं. मग राजा पुढचं वाक्य बोलतो: सोडावंच लागेल, कारण तुला फारामिरच्या रक्षक दलाचा कप्तान नेमलंय, ज्याच्यासाठी सगळं पणाला लावलंस त्याच्याजवळच आता राहायचं. कायद्याचा मान राहिला आणि माणूस पण राहिला. मी ही गोष्ट सांगताना दर वेळी इथे अडखळते, आणि मुलीला ते पाठ झालंय, ती मला पाणी आणून देते.

तुमच्याकडे एवढंसुद्धा कोणी विचारलं नाही की काकांनी गेट का सोडलं.

ह्या राजाचं आपल्याला काय आवडतं हे मुलीला दोन मिनिटांत सांगायचं होतं, ते मीच सांगते, कारण एक्केचाळीस सेकंदात तिथवर ती पोचलीच नाही. तिला लढाया फार आवडत नाहीत. मोठी लढाई जिंकल्यावर तो शहरात राजा म्हणून शिरत नाही, झेंडा गुंडाळायला लावतो, तंबू बाहेर ठोकतो. रात्री साध्या कपड्यात आत येतो तो जखमींना बघायला. एक पाला हवा असतो, लोक त्याला तण समजून सोडून देतात. वैद्यशाळेतला मोठा जाणकार त्या पाल्याची सगळ्या भाषांतली नावं सांगतो, पण पाला काही त्याच्याकडे नसतो! (इथे आमच्याकडे दर वेळी हसू येतं, बायलॉजचे नंबर तोंडपाठ असलेले एक काका डोळ्यासमोर येतात.) शेवटी सहा पानं फडक्यात बांधून धावत आणतो तो दहा वर्षांचा पोरगा, त्या बेरेगॉन्डचाच मुलगा. मग राजा रात्रभर एकेकाच्या उशाशी.

आणि दुसरी गोष्ट पुलाची. वयाच्या अठ्ठ्याऐंशीव्या वर्षी राजा झालेला हा माणूस १२० वर्षं राज्य करतो, ज्यांच्याशी लढला त्या लोकांशी तह करतो, शत्रूच्या गुलामांना सोडवून जमिनी देतो. त्यात एक हुकूम काढतो की शायरमध्ये, म्हणजे त्या छोट्या हॉबिट लोकांच्या मुलखात, आपल्या मोठ्या माणसांनी शिरायचं नाही, त्यांना त्यांचं राहू द्या. नऊ वर्षांनी तो स्वतः तिकडे येतो. जिवाभावाचे दोस्त आत राहतात. राजा तोच, हुकूम त्याचाच, अडवणार कोण? तरी ब्रँडीवाइनच्या पुलापाशी थांबतो आणि दोस्तांना तिथेच भेटतो. माझ्या मुलीने विचारलं होतं, "एक दिवस गेला असता तर कोणाला कळलं असतं?" मी म्हटलं, त्याला कळलं असतं.

म्हणून जुन्या तारखेची नवीन नोटीस बघून ती मला काय म्हणाली ते इथे लिहीत नाही.

मागण्या साध्या आहेत. वॉचमन काकांचा कापलेला अर्धा दिवस परत करा आणि एजन्सीला दिलेलं पत्र मागे घ्या, हे सगळ्यात आधी, बाकीचं नाही केलंत तरी हे करा. दोन, 'बाद'चा शेरा काढा आणि पहिली नोटीस काय होती ते ग्रुपवर जसंच्या तसं टाका. बक्षीस, ट्रॉफी, सर्टिफिकेट काही नको. तीन, पुढच्या वर्षी फक्त ऐतिहासिक किल्लेच पाहिजेत असं ठरवलंत तर खुशाल ठरवा, पोरं राजगड करतील, पण ते आधी लिहा आणि निकालापर्यंत बदलू नका. चार, तुळशीच्या लग्नाच्या संध्याकाळी सगळी सोसायटी खाली जमते तेव्हा मुलीला तिची दोन मिनिटं द्या. मधे बोलू नका. पाच, ज्यांनी पाईप लावायला सांगितला त्यांनी एकदा खाली येऊन पोरांना स्वतः सांगावं की मी सांगितलं होतं. माफी नाही मागितली तरी चालेल, ते पोरांचं पोरं बघून घेतील.

कोणाला वाईट वाटावं म्हणून लिहिलेलं नाही. कमिटीचं काम फुकटचं असतं आणि शिव्याच जास्त खाव्या लागतात, दोन वर्षं मी पण केलंय.

राजा सध्या आमच्या फ्रिजवर आहे, हात फेव्हिकॉलने चिकटवलाय, नवीन टरफल रंगवून वाळत ठेवलंय. अनंताचं रोप किचनच्या खिडकीत, त्याला काल एक नवीन पान आलं. उद्या संध्याकाळी साडेसहाला पोरं सी विंगच्या मागे, जिथे कोणाचीच गाडी लागत नाही तिथे, परत माती चाळायला बसणार आहेत. घमेलं आणि विटा आहेत. पाण्याचा पाईप ऑफिसच्या कुलपात आहे, तेवढा जरा खाली पाठवा.

— बी विंगमधली एक आई